कार्डशीटचं सोनं: ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला दसरा नेहमीप्रमाणे हॉल मिळेल त्या शनिवारी, म्हणजे ऑक्टोबरच्या अगदी शेवटी होता. आम्ही पाच-सहा जणी हॉलमध्ये बसून सोनेरी कार्डशीटची आपट्याची पानं कापत होतो. दीडशे पानं हवी होती. खिडकीबाहेर, गाड्या लावायच्या जागेच्या कडेला, बीचची तीन जुनी झाडं होती आणि तिन्ही शेंड्यापासून पिवळीधमक झालेली. वारा आला की पानं गाड्यांच्या टपांवर पडायची. एकीचा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाहेर एवढं गोल्ड पडलंय, ते का नाही घेत?" आम्ही हसलो. कोणीतरी त्याला समजावलं की बाबा, ती आपट्याची नाहीत. त्यावर त्याने विचारलं, "मग कशाची आहेत?"

सहा जणींपैकी पाच जणींना सांगता आलं नाही. त्यातल्या दोघी या गावात वीस वर्षं राहतात. सहावी मी, पण मलाही ते झाड ओळखायला इथे आल्यावर सहा वर्षं लागली होती, त्यामुळे फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतं.

हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते म्हणजे खजिनदारांचा जीव टांगणीला लागायला नको: गणपती, दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा यांच्याबरोबर मंडळाच्या वार्षिक कॅलेंडरमध्ये महिन्याला एक पदभ्रमण घाला. जूनमधली उद्यानातली ती सहल नको. तिथे आपण गवतावर चटया अंथरून बटाटेवडे खातो, अंताक्षरी खेळतो आणि चटया झटकून परत येतो. चालायचं म्हणतेय मी. चिखलातून, कुंपणं ओलांडून, डोंगरावर.

इथल्या सरकारी कागदांवर आपल्यासारख्यांसाठी दर काही वर्षांनी नवा शब्द येतो. अमेरिकेत 'पीपल ऑफ कलर' म्हणतात. त्याचं मराठी करायला गेलं तर रंगपंचमी आठवते. मी आपली 'गोरेतर' म्हणते. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये शंभरातली अठरा माणसं गोरेतर आहेत. मंडळात हा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतं: "आपण त्या भानगडीत कशाला पडायचं? आपले लोक शिकलेले, नोकऱ्या चांगल्या, आपल्याला कोण अडवतंय?" खरंय. अडवत कोणी नाही. तरीही डोंगरावर आपण दिसत नाही. न अडवताही माणसं कशी बाहेर राहतात, हे कोड्यासारखं वाटत असेल तर माझंच उदाहरण सांगते.

मी जुन्नरची. शिवनेरी आमच्या अंगणातून दिसायचा. कॉलेजात असताना नाणेघाट, हडसर, जीवधन, हरिश्चंद्रगड असं सगळं पालथं घातलेलं. लग्नानंतर शेफील्डला आले. शेफील्डचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात मोडतो. म्हणजे महापालिकेच्या हद्दीतच डोंगर. घराच्या कोपऱ्यावरून बस मिळते. आणि मी सहा वर्षं गेले नाही.

का, याची कारणं मोठी नाहीत आणि म्हणूनच सांगायला लाज वाटते. पहिलं म्हणजे वाट कुणाची हेच कळायचं नाही. आपल्याकडे डोंगर म्हणजे डोंगर, कुंपण नाही; चुकलं तर गुराखी सांगतो. इथे जिकडेतिकडे दगडी बांध, फाटकं, 'प्रायव्हेट'च्या पाट्या. कुणाच्या शेतात शिरलो आणि कुणी ओरडलं तर? आपल्या उच्चारात त्याला उत्तर काय द्यायचं? दुसरं, कुत्री. मोकळं सुटलेलं कुत्रं अंगावर येतं आणि पन्नास पावलं मागे असलेली मालकीण हसत ओरडते की ते काही करत नाही. मुंबई-पुण्याच्या भटक्या कुत्र्यांच्या अनुभवावर वाढलेल्या माणसाला हे वाक्य पुरत नाही. तिसरं, कपडे. तिथली माणसं पाहिली तर पायात दीडशे पौंडांचे बूट, अंगात दोनशेचं जाकीट. वाटायचं, ही काहीतरी परीक्षा असावी आणि आपण फॉर्म भरलेला नाही. शिवनेरी मी स्लीपरवर चढलेली बाई!

आणि चौथं कारण आपल्या घरातलं. "उन्हात फिरू नको, काळी पडशील." हे मी सातवीपासून ऐकलंय, आणि इथे, जिथे ऊन हीच बातमी असते, तिथेही आपल्या कार्यक्रमांत आया मुलींना सावलीत ओढताना मी पाहिलंय. इथली आरोग्यसेवा आपल्यासारख्या गडद कातडीच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायचा विचार करा म्हणून सांगते, कारण या अक्षांशावरचं ऊन आपल्याला पुरत नाही. आपण गोळ्या घेतो आणि सावलीत बसतो. रंगाचा हा सोस इंग्रजांनी एकट्यांनी आपल्या माथी मारलेला नाही, तो आपण सामानात घेऊन आलोय.

मला बाहेर काढलं ते आपल्या मंडळाने नाही, हे नोंदवायला हवं. कामावरची एक मैत्रीण, जन्माने शेफील्डची, आईवडील जमैकाचे, एका रविवारी म्हणाली, आमचा बायकांचा गट चालायला जातो, ये. मी बुटांचं कारण सांगितलं. ती म्हणाली, साइज बोल. गटाकडे एक मोठी पिशवी होती, त्यात निरनिराळ्या मापांचे वापरलेले बूट आणि पावसाळी जाकिटं. झालं. सहा वर्षांचा डोंगर एका पिशवीने हलवला.

शेफील्ड स्टेशनवरून मँचेस्टरकडे जाणारी गाडी टोटलीच्या बोगद्यात शिरते. साडेपाच किलोमीटरांहून लांब बोगदा आहे तो. बाहेर पडलं की एकदम दरी, हिरवी, मेंढ्यांनी ठिपकलेली. कर्जत सोडून गाडी घाट चढायला लागते तेव्हा खिडकीकडे जशी मुंडकी वळतात, तशी त्या डब्यात आमची वळली. एडेलला उतरलो. तिथे मी पहिल्यांदा पिवळा बाण नीट पाहिला. फाटकाच्या खांबावर बोटभर चकती, तिच्यावर पिवळा बाण: ही पायी जायची हक्काची वाट. निळा बाण असेल तर घोडा आणि सायकलही चालते. जमीन कोणाचीही असो, वाट सगळ्यांची. इंग्लंड-वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत आणि नकाशावर त्या हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. सहा वर्षं मी ज्याला परवानगी लागेल म्हणून घाबरत होते, त्याला परवानगी लागतच नव्हती. नागरिकत्वाच्या परीक्षेत मला आठवा हेन्री आणि त्याच्या सहा बायका पाठ कराव्या लागल्या. पिवळ्या बाणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

एडेलच्या वर किंडर स्काउट नावाचं पठार आहे. उंची ६३६ मीटर. आपल्या कळसूबाईसमोर (१६४६ मीटर) ते लिंबूटिंबू. कळसूबाईपुढे तर ब्रिटनमधलं सर्वांत उंच बेन नेव्हिससुद्धा तीनशे मीटरांनी कमी भरतं. (हे मी तिथे मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि मग वाऱ्याने माझी टोपी नेली.) किंडरच्या पश्चिमेच्या कड्यावरून एक धबधबा पडतो, आणि पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी खाली न पडता उलटं वर उडतं. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाणेघाटाजवळचा उलटा धबधबा ज्याने पाहिलाय त्याला कळेल. तोच वारा, तोच तुषारांचा मारा, ओल्या दगडाचा तोच वास. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की आपला निसर्ग तिकडे राहिला.

या पठाराची एक गोष्ट मंडळाच्या प्रत्येक सभासदाला माहीत असायला हवी. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरच्या बाजूने चारेकशे तरुण कामगार हेफील्ड गावाजवळच्या खाणीत जमले आणि किंडरवर चालून गेले. त्या काळी तिथे जायला बंदी होती. उमरावांना ग्राउझ पक्ष्यांची शिकार करता यावी म्हणून ते माळ राखलेले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वीस, रोमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. राखणदारांशी झटापट झाली. शेफील्डची पोरं एडेलच्या बाजूने चढून त्यांना वर भेटली. सहा जणांना पकडलं, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणं हा फौजदारी गुन्हा नव्हताच, म्हणून दंगलीचं कलम लावलं. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं उद्यान, २००० मध्ये मोकळ्या डोंगर-माळांवर फिरण्याचा हक्क देणारा कायदा. आणि २००२ मध्ये, सत्तराव्या वर्षी, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरने तिथे येऊन जाहीर माफी मागितली, कारण १९३२ मध्ये राखणदार त्याच्या आजोबांचे होते.

आता १९३२ हा आकडा पुन्हा पाहा. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना त्याच वर्षाची. ज्या वर्षी या देशातली गिरणी-कारखान्यातली पोरं डोंगरासाठी तुरुंगात गेली, त्याच वर्षी आपण इथे पहिलं मंडळ काढलं. आपण इथे काल आलेलो नाही. डोंगर मोकळे झाले त्याच्या आधीपासून आपण इथे आहोत.

आणि खरं तर ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी तीन वर्षं कोणी अस्पृश्य मानलेला माणूस त्या पाण्याला शिवू शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह चालत गेले आणि ओंजळ भरली. आपल्या लंडन सहलीत किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं घर असतं, आपण तिथे फोटो काढतो. महाडला ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या दुःखाशी माझ्या बुटांच्या अडचणीची बरोबरी करण्याइतकी मी वेडी नाही. पण कागदावरचा हक्क पायाखाली यायला माणसांनी जमून चालावं लागतं, हे ज्या मातीत घडलं तिथले आपण. मग इथे एकेकट्याने घाबरत का बसायचं?

एकेकट्याने गेलं की काय होतं तेही सांगते. मुलीला घेऊन मी एकदा एका खेड्यातल्या चहाच्या दुकानात शिरले. बोलणी थांबली. कोणी वाईट बोललं नाही, एका आजोबांनी तर अगदी प्रेमाने विचारलं, "वाट चुकलात का?" मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, शेफील्डच्याच इस्पितळात जन्मलेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ममा, त्यांना का वाटलं आपण चुकलो?" तोच प्रश्न पुढे आम्ही चौदा जणी त्याच दुकानात गेलो तेव्हा आला नाही. आम्ही स्कोन संपवले एवढंच.

हे फक्त माझ्या मनाचे खेळ नाहीत. २०१९ मध्ये सरकारने ज्युलियन ग्लोव्हर यांच्याकडून इंग्लंडच्या राष्ट्रीय उद्यानांचा आणि संरक्षित निसर्गप्रदेशांचा आढावा करून घेतला. अनेक गोरेतरांना ही ठिकाणं गोऱ्यांची वाटतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. या उद्यानांच्या आणि प्रदेशांच्या कारभारी मंडळांवरच्या जवळजवळ हजार सदस्यांमध्ये तेव्हा गोरेतर किती होते? ०.८ टक्के. हजारात आठ. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट धरून दोन बाकांत मावतील. त्याच अहवालाने प्रत्येक मुलाला अशा प्रदेशात एक रात्र ताऱ्यांखाली काढायला मिळावी अशी शिफारसही केली होती. आपली मुलं ती रात्र बहुधा स्लीपओव्हरला आयपॅडसमोर काढतात.

२०२१ च्या नाताळच्या दिवशी 'मुस्लिम हायकर्स' या गटाचे शंभरावर लोक पीक डिस्ट्रिक्टमध्ये चालायला गेले. फोटो टाकल्यावर खाली जे विष ओकलं गेलं ते इथे उतरवत नाही. गट सुरू करणारे कोव्हेन्ट्रीचे हारून मोटा डगमगले नाहीत. त्याआधी २०१९ मध्ये ऱ्हिआन फाटिनिकुन यांनी 'ब्लॅक गर्ल्स हाइक' काढलं होतं. आणि आमच्या शेफील्डात २००४ पासून मॅक्सवेल आयाम्बा आणि त्यांचे मित्र, मध्यमवयीन कृष्णवर्णीय पुरुष, 'तब्येतीसाठी चाला' म्हणत दर महिन्याला डोंगरावर जाताहेत. म्हणजे वाट पाडलेली आहे. ज्यांना आपण मंडळात "ते लोक" म्हणतो त्यांनी पाडलीय. पहिल्याच दिवशी मला बूट दिले ते त्यांच्यातल्याच एकीने.

जरा आईबद्दल लिहू द्या, कारण तिच्यामुळे हे पत्र लिहायचं बळ आलं.

आई सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा इथे आली. तीन महिन्यांपैकी पहिले पंधरा दिवस तिने खिडकीत काढले. आपल्या सगळ्यांच्या घरचं हे दृश्य आहे: सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई, सोफा, यूट्यूबवरच्या मालिका, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी तिला डॉन नदीच्या काठाने चालायला नेलं. थोडं गेल्यावर ती थांबली आणि ओरडली, "अगं, तेरडा!"

मी म्हटलं, कसला तेरडा. पण नदीच्या दोन्ही काठांना पुरुषभर उंच गुलाबी फुलांचं रान माजलेलं. इथे त्याला हिमालयन बाल्सम म्हणतात. तेरड्याचीच सख्खी बहीण, १८३९ च्या सुमारास हिमालयातून बागेची शोभा म्हणून आणलेली, मग बागेची भिंत ओलांडून देशभरच्या नद्यांना पसरलेली. आई पुढे सरसावली आणि तिने जे लहानपणी हजार वेळा केलं असेल ते केलं: पिकलेल्या बोंडाला बोट लावलं. फट्! बिया उडाल्या. ती खिदळली. दुसरं. तिसरं. मागून गुडघाभर बुटांतला एक म्हातारा हातात उपटलेल्या रोपांचा भारा घेऊन आला आणि त्याने कपाळाला हात लावला. तो नदीस्वच्छतेचा स्वयंसेवक होता. एकेक रोप आठशेपर्यंत बिया टाकतं, त्या सात मीटरपर्यंत उडतात, बाकी काही उगवू देत नाही आणि हिवाळ्यात मरून गेलं की उघडा पडलेला काठ पाण्याबरोबर वाहून जातो. वैतागण्यात त्या म्हाताऱ्याचा दोष नव्हता. मी आईला सांगितलं. ती क्षणभर विचारात पडली, मग म्हणाली, "त्याला सांग, आमच्याकडे गौरीला तेरडा मुळासकट उपटूनच आणतात. मला येतं." आणि तिने पदर खोचला.

पुढचा दीड तास माझी आई आणि तो म्हातारा तेरडा उपटत होते. एकाला मराठी येत नव्हतं, एकीला इंग्रजी. मुळाशी धरून हलकेच ओढायचं, माती झटकायची, बोंडाला धक्का लावायचा नाही, हे तिनेच मला शिकवलं. शेवटी त्याने तिला काठावरची अंजिराची झाडं दाखवली. हो, शेफील्डात अंजीर! पोलादाच्या कारखान्यांचं गरम पाणी नदीत सोडायचे तेव्हा सांडपाण्यातून आलेल्या अंजिराच्या बिया तिथे रुजल्या. कारखाने गेले, झाडं राहिली, आणि आता ती जपली जातात. एका काठावर दोन परदेशी झाडं, एक जपायचं आणि एक उपटायचं. मला त्यावर काहीतरी टोचून बोलायचं होतं. आईने विचारलं, अंजिरं पिकतात का?

पुढच्या आठवड्यात तिला माम टोरवर नेलं. ५१७ मीटर, वरपर्यंत फरसबंदी पायवाट, माथ्याला प्राचीन किल्ल्याच्या मातीच्या तटबंदीच्या खुणा. नावाचा अर्थ 'आई डोंगर' असा सांगतात. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईला तटबंदी दाखवावी लागली नाही. वर पोचल्यावर तिने वाऱ्यात पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "इथं बुरूज असणार." वाटेत बांधाच्या कडेला ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या लागल्या. ती करवंदांच्या जाळीत हात घालावा तशी हात घालत राहिली, ओरखडे पडले, पिशवी भरली. स्वतःपुरती रानफळं तोडायला इथला कायदा आड येत नाही. त्या मुरांब्याची शेवटची बाटली संपून आता बरीच वर्षं झाली.

एक कबुली मात्र द्यायला हवी. सह्याद्रीत आपण 'निसर्गप्रेमी' म्हणून हिंडत होतो तेव्हा आपणही कोणाच्या तरी अंगणात पाहुणेच होतो. हरिश्चंद्रगडावर ज्यांनी आपल्याला पिठलं-भाकरी घातली, वाट दाखवली, त्या महादेव कोळी आणि ठाकर लोकांना आपण 'गाववाले' म्हणून फोटोच्या कडेला ठेवलं. पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांत कोणाची आडनावं असायची हे आठवून पाहा. तिकडे आपण जे होतो तेच इथल्या डोंगरांवर आज गोरे लोक आहेत: वाईट नाहीत, पण डोंगर आपलाच असं न बोलता धरून चालणारे. इथे दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर मला ते कळलं. म्हणून पदभ्रमणाचं बोलावणं पाठवताना मंडळाच्या नेहमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपुरतं पाठवू नका. इस्पितळात, गोदामांत रात्रपाळी करणारे, विद्यार्थी व्हिसावर पाच जण एका खोलीत राहणारे, वर्गणी परवडत नाही म्हणून दिवाळीला न येणारे, सगळ्यांना पाठवा. चालायला वर्गणी नको.

मी हा प्रस्ताव पूर्वी एका मंडळाच्या सभेत मांडला होता, तेव्हाचे आक्षेप मला पाठ आहेत. "पाऊस असतो." असतो. आपण ज्या प्रदेशातून आलो तिथे पावसात भिजायला लोक लोणावळ्याला गाड्या काढून रहदारी तुंबवतात. "जबाबदारी कोणाची?" हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे. सखल भागात गट नेण्यासाठी 'लोलँड लीडर' नावाचं प्रशिक्षण असतं; मंडळातल्या दोघांना, शक्यतो एक बाई, मंडळाच्या खर्चाने पाठवा. किंडरसारख्या पठारावर धुकं आलं की भल्याभल्यांची दिशा चुकते, तिथे त्याच्या पुढचं प्रशिक्षण घेतलेला माणूसच हवा. सुरुवात तिथून करूच नका. लंडनवाल्यांनी मेट्रोपोलिटन लाइनने चेशमला उतरावं, हॅरो-वेम्बलीहून ट्यूबच जाते, आणि चेस नदीच्या काठाकाठाने रिकमन्सवर्थकडे चालावं. "आज्या-आजोबांचं काय?" आई सदुसष्टची होती. "खायचं काय?" या प्रश्नावर मराठी माणसाला उत्तर द्यावं लागतं याचंच मला आश्चर्य वाटतं. दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा.

बूट आणि जाकिटं राहिली. आपल्या मंडळांकडे ढोल आहेत, ताशे आहेत, लेझीम आहेत, ध्वज आहेत. वर्षातून दोनदा वापरायचं सामान कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवलेलंच आहे. त्याच गॅरेजमध्ये निरनिराळ्या मापांचे वीस जोड बूट आणि वीस पावसाळी जाकिटं असलेली एक पेटी ठेवा. मुलांची पावलं वाढली की बूट पेटीत, पुढच्या मुलाला. नकाशे दोन. शिट्टी एक. आणि पहिल्या वेळी एकटे जाऊ नका: जवळ कृष्णवर्णीयांचा, पाकिस्तान्यांचा, बांगलादेशींचा चालणारा गट असेल तर त्यांना फोन करा. ढोलाच्या तालमीला शेजाऱ्यांची परवानगी मागताना आपल्याला जेवढा संकोच वाटतो त्याहून कमी वाटेल.

पीक डिस्ट्रिक्टच्या अधिकाऱ्यांना मी वेगळं इंग्रजी पत्र लिहिणार आहे. त्यांच्या मंडळावर आपली माणसं का नाहीत, माहितीपत्रकांवर ठरावीक चेहरेच का असतात, रविवारच्या बस का कमी असतात, हे त्यांनी सांगायचं आहे. पण त्यांनी सगळं केलं तरी आईला खिडकीतून उठवायला कोणी अधिकारी आपल्या घरी येणार नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी शेफील्ड स्टेशनच्या बाहेरच्या कारंज्यांपाशी उभी असेन. एडेलपर्यंत गाडी, तिथून होलिन्स क्रॉसवरून माम टोर आणि परत. चार तास धरा. कोणत्याही मंडळाचे असा, नसा. माझ्याकडे बुटांचे सात जोड आहेत. मापं आधी कळवा.

आपली,
एक सभासद (वर्गणी भरलेली आहे)

ता. क. सप्टेंबरात येणार असाल तर नदीकाठच्या गुलाबी तेरड्याच्या बोंडांना हात लावू नका. लावावासा वाटेल. मुळाशी धरून उपटा.